लुई मार्तांची शेवटची सात वर्षे

लिझ्यूच्या संत तेरेझाने आत्मकथनाच्या पहिल्या भागाअखेरीस आपल्या आयुष्यातल्या कृपेच्या दिवसांची यादी दिली आहे. बाप्तिस्मा, ४ जानेवारी १८७३. पहिले कम्युनियन, ८ मे १८८४. पोप तेरावे लिओ यांची भेट, २० नोव्हेंबर १८८७. कार्मेलाईट मठात प्रवेश, ९ एप्रिल १८८८. मठाचा वेश मिळाला तो दिवस, १० जानेवारी १८८९. एकेक मंगल प्रसंग येत जातो आणि मध्येच १२ फेब्रुवारी १८८९ ही तारीख येते. त्या दिवशी तिच्या वडिलांना कां शहरातल्या वेड्यांच्या इस्पितळात दाखल केले होते. सोळा वर्षांच्या मुलीच्या आयुष्यातला हा सर्वात अपमानाचा दिवस. पुढे हिशेब मांडताना तिने तो गाळला नाही. त्याला तिने घराची मोठी संपत्ती म्हटले.

हे वडील म्हणजे लुई मार्तां. धंद्याने घड्याळजी, गाव फ्रान्समधले आलांसों. त्यांच्या या धाकट्या मुलीचे नाव पुढे जगभर गेले. कोलकात्याच्या मदर तेरेसांनी संन्यासिनी होताना जे नाव घेतले ते हिचेच. एकदा मठात गेल्यावर भिंतीबाहेर पाऊल न टाकलेल्या या मुलीला १९२७ साली मिशनकार्याची आश्रयदाती म्हणून घोषित केले गेले, तेही संत फ्रान्सिस झेविअर यांच्या बरोबरीने. म्हणजे जुन्या गोव्याच्या बॉम जेजू बॅसिलिकेत ज्यांचे शव आहे, त्यांच्या जोडीला. लुई आणि त्यांची पत्नी झेली यांनाही १८ ऑक्टोबर २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी रोममध्ये संत म्हणून जाहीर केले. पती-पत्नी म्हणून एकत्र संतपद मिळालेले हे पहिले जोडपे.

लुईंची आठवण काढायची एक ठरलेली रीत आहे. पाचही मुली देवाला वाहणारा पिता, पांढऱ्या दाढीचा, शांत, दानशूर. लिझ्यूतल्या त्यांच्या ‘ले ब्युसोने’ या घराच्या बागेत पुतळाही आहे तो त्याच रूपाचा: बाकावर बसलेले वडील आणि मठात जायची परवानगी मागणारी तेरेझा. पुतळ्यात दोष काही नाही. पण त्या प्रसंगानंतरची सात वर्षे या चित्रातून निसटतात, आणि लुई मार्तां हा माणूस खरा कळतो तो त्या सात वर्षांत.

आपल्याकडे तरी काय वेगळे होते? कुटुंबप्रमुखाच्या निधनाची बातमी वाचा. ‘अल्पशा आजाराने’, ‘वृद्धापकाळाने’. मग स्मरणलेख येतो. त्यात शून्यातून उभा केलेला संसार असतो, शिस्त असते, देवभक्ती असते, शिकून मोठी झालेली मुले असतात. शेवटची पाच-सात वर्षे वडील घरच्यांनाच ओळखत नव्हते, रात्री उठून दाराची कडी काढत होते, हे एका ओळीतही येत नाही. हिंदू घरात येत नाही, तसे ख्रिस्ती घरातही येत नाही. वसईच्या एखाद्या घरात ज्या आजोबांच्या आवाजाशिवाय संध्याकाळची रोझरी सुरू होत नसे, तेच पुढे प्रार्थनेचे शब्द विसरले, हे घरातल्या सर्वांना ठाऊक असते. स्मरणाच्या मिस्सेला मात्र त्याचा उच्चार होत नाही.

लुईंचा जन्म २२ ऑगस्ट १८२३चा, बोर्दो शहरातला. वडील सैन्यात कॅप्टन, नेपोलियनच्या लढाया पाहिलेले. विशीत लुई आल्प्सच्या खिंडीतल्या ग्रँड सेंट बर्नार्डच्या मठात गेले आणि मला इथे घ्या म्हणाले. लॅटिन येत नाही म्हणून त्यांना परत पाठवले. परतल्यावर त्यांनी शिकवणी लावून लॅटिन शिकायचा प्रयत्न केला, तो तडीस गेला नाही. मग घड्याळांचे काम पक्के करून १८५० साली आलांसोंत दुकान थाटले. गावाबाहेर बाग असलेला एक लहानसा बुरूज विकत घेतला, तिथे एकट्याने वाचन, प्रार्थना आणि मासेमारी. पकडलेले मासे बरेचदा क्लारा पंथाच्या संन्यासिनींच्या मठात पोचते होत. वयाच्या पस्तिशीपर्यंत असाच एकांड्या शिलेदाराचा दिनक्रम.

झेली गेरां यांनाही संन्यासिनी व्हायचे होते, त्यांनाही मठाने नाकारले होते. दोघांचे लग्न १३ जुलै १८५८ रोजी मध्यरात्री, तिकडच्या रिवाजाप्रमाणे, आलांसोंच्या चर्चमध्ये लागले. पहिले दहा महिने दोघे भाऊ-बहिणीसारखे राहिले. मग एका धर्मगुरूने समजावले आणि संसार सुरू झाला. नऊ मुले झाली. चार लहानपणीच गेली, त्यांत दोन्ही मुलगे.

या घराची आर्थिक बाजू पुण्यकथांमध्ये घाईघाईने उरकली जाते. खरे तर थांबायचे तिथेच. आलांसोंची लेस म्हणजे सुईने विणलेले सर्वात नाजूक काम. २०१० साली युनेस्कोने तिला मानवजातीच्या अमूर्त वारशात स्थान दिले. एक चौरस सेंटिमीटर पुरे व्हायला सुमारे सात तास लागतात. झेलींनी लग्नाआधीच, १८५३ साली, हा धंदा सुरू केला होता. बायका आपापल्या घरी तुकडे विणत, आणि ते एकमेकांना जोडायचे सर्वात अवघड काम झेली स्वतः करत. धंदा इतका वाढला की १८७० साली लुईंनी आपले घड्याळांचे दुकान भाच्याला विकले आणि ते बायकोच्या धंद्यात आले. मागण्या मिळवायला पॅरिसच्या फेऱ्या, पत्रव्यवहार, हिशेब हे त्यांचे काम. कसब बायकोचे, नाव बायकोचे, वणवण नवऱ्याची. एकोणिसाव्या शतकातल्या फ्रान्समध्ये, नवराच कायद्याने घराचा धनी असताना, एका चालत्या दुकानाच्या मालकाने हे केले. ‘कुटुंबप्रमुख’ म्हटल्यावर डोळ्यांपुढे जी खुर्ची येते, तीत हा माणूस बसत नाही.

त्यांची भक्ती मात्र जुन्या वळणाची, कडक. पहाटे साडेपाचची मिस्सा रोजची. रविवारी दुकान बंद. खेड्यापाड्यांतले लोक रविवारीच बाजाराला येत आणि दागिने-घड्याळे त्याच दिवशी खपत. निदान बाजूचे दार तरी किलकिले ठेवा, असे हितचिंतक सांगत. लुईंनी ऐकले नाही. एकदा स्टेशनवर फेफऱ्याचा एक गरीब रुग्ण तिकिटाचे पैसे नाहीत म्हणून अडकला होता. लुईंनी डोक्यावरची टोपी काढली, स्वतःचे नाणे आत टाकले आणि फलाटावर सगळ्यांपुढे ती फिरवली. असे किस्से संतचरित्रांत हवे तेवढे सापडतात आणि त्यांचा थोडा कंटाळाही येतो. यात दखल घ्यावी अशी गोष्ट इतकीच की, दोन्ही वेळा लुईंना पदरमोड करावी लागली होती. एकदा गल्ल्यातली, एकदा अब्रूची.

घर निर्दोष नव्हते. तिसरी मुलगी लिओनी हट्टी आणि अभ्यासात मागे. घरातली मोलकरीण तिला आई-वडिलांच्या नकळत धाकदपटशाने छळत होती. ते आईला कळले १८७७ साली, मृत्यूच्या काही महिने आधी. वडिलांना आधी कळले होते असे कुठेही दिसत नाही. भाविक घर, रोजची प्रार्थना, आणि त्याच छपराखाली एक मूल दहशतीत वाढते आहे. संतांच्या घराबद्दल हे लिहिणे अवघड वाटते, पण हे कळले ते झेलींनी स्वतः लिहिलेल्या पत्रांमुळेच.

२८ ऑगस्ट १८७७ रोजी झेली स्तनाच्या कर्करोगाने गेल्या, तेव्हा त्या पंचेचाळीस वर्षांच्या होत्या. लुई चौपन्नाचे. मित्र, बुरूज, बाग, नदी, सगळे आलांसोंत होते. पण मुलींची मामी आणि मामा इसिदोर गेरां लिझ्यूत होते, मामाचे तिथे औषधांचे दुकान होते. मुलींना बाईमाणसाचा आधार हवा म्हणून लुईंनी त्याच नोव्हेंबरात बिऱ्हाड हलवले. लिझ्यूत ते शेवटपर्यंत बाहेरचेच राहिले. मुलींसाठी खेळणी करणे, चेकर्सचा डाव, लामार्तीन आणि ह्यूगोच्या कविता म्हणून दाखवणे, रोज दुपारी धाकटीला घेऊन एखाद्या चर्चमध्ये जाऊन येणे, हा नवा दिनक्रम.

मग मुली निघू लागल्या. तेरेझाला आईच्या जागी असलेली पोलिन १८८२ साली मठात गेली. थोरली मारी १८८६ साली. त्याच महिन्यात लिओनीने, घरच्यांशी नीट न बोलता, आलांसोंच्या क्लारा मठात प्रवेश घेतला आणि डिसेंबरात ती परतही आली. ‘मुली देवाला दिल्या’ हे वाक्य व्यासपीठावरून छान वाटते. घरात प्रत्यक्षात घडत होते ते असे की, एकामागून एक मुलगी येऊन मागत होती आणि बाप नाही म्हणत नव्हता.

१ मे १८८७ रोजी लुईंना अर्धांगाचा पहिला झटका आला, डाव्या बाजूला. त्यातून ते सावरले. चारच आठवड्यांनी, २९ मेला, पेंटेकॉस्टच्या संध्याकाळी तेरेझाने बागेत त्यांच्याकडे परवानगी मागितली. त्यांनी भिंतीवरचे एक लहान पांढरे फूल मुळासकट उपटून तिला दिले, असे तिने लिहून ठेवले आहे. बागेतल्या त्या पुतळ्यातला बाप आजारी झालेला आहे, हे पाहणाऱ्याच्या ध्यानात येत नाही. त्यांनी नुसती परवानगी दिली नाही. चौदा वर्षांच्या मुलीला घेऊन ते बायोला बिशपकडे गेले, मग नोव्हेंबरात यात्रेकरूंसोबत थेट रोमला. एप्रिल १८८८मध्ये तेरेझा आत गेली.

जूनच्या मध्यावर चौथ्या मुलीची, सेलिनची, पाळी आली. तिने चित्रकला शिकावी म्हणून तिला पॅरिसला पाठवायचा बेत वडील सांगत होते, त्यावर तिने मलाही मठातच जायचे आहे असे सांगून टाकले. आठवडाभराने, २३ जूनला, लुई घरातून नाहीसे झाले. चार दिवस पत्ता नाही. त्याच दिवसांत शेजारचे घर आगीत जळाले. शेवटी पैसे मागणारा निरोप आला तो ल हाव्र बंदरातून, आणि सेलिन व मामा तिथे जाऊन त्यांना घेऊन आले. कुठेतरी दूर जाऊन एकांतवासी व्हायचे, हे त्यांच्या डोक्यात होते. विशीत आल्प्समध्ये नाकारले गेलेले स्वप्न पासष्टीत, मेंदू साथ सोडत असताना, परत वर आले. मुलींची विचारणा आणि ही घटना यांचा संबंध जोडायचा की नाही हे वाचकाने ठरवावे. रोग मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा होता, हे डॉक्टरी कारण आहेच.

१० जानेवारी १८८९ रोजी तेरेझाला मठाचा वेश मिळाला. त्या दिवशी लुई उत्तम होते. मुलीचा हात धरून ते चर्चमधून चालत गेले, आणि तिच्या मनात होता तसा बर्फही पडला. महिन्याभरातच भास सुरू झाले. तोफा, नगारे, रणांगण. घरावर हल्ला होतो आहे असे वाटून मुलींच्या रक्षणासाठी त्यांनी रिव्हॉल्व्हर जवळ बाळगले, आणि मामा गेरांनी त्यांना वेड्यांच्या इस्पितळात दाखल करायचा निर्णय घेतला. फ्रान्समध्ये १८३८पासून अशा इस्पितळांचा कायदा होता आणि त्यानुसार कुटुंबाला रुग्ण दाखल करता येत असे. कांचे ‘बाँ सोव्हर’ इस्पितळ धर्मभगिनी चालवत. तिथे लुई तीन वर्षे राहिले.

मुंबईत ‘ठाण्याला पाठवा’ आणि पुण्यात ‘येरवड्याला पाठवा’ असे म्हटले की पुढे काही सांगावे लागत नाही. कांच्या त्या इस्पितळाचेही तसेच होते. लिझ्यूत कुजबुज सुरू झाली: मुलींनी एकेक करून सोडले म्हणून म्हातारा बिघडला, त्यातही धाकटी फार लवकर गेली, तिने बापाला वेड लावले. हे बोलणे मठाच्या भिंतींआडही पोचत होते. लिओनी आणि सेलिन फेब्रुवारीपासून मेपर्यंत कांमध्येच मुक्काम ठोकून राहिल्या. रोज इस्पितळाच्या दाराशी जायच्या, पण भेट आठवड्यातून एकदाच. जूनमध्ये मालमत्तेचा कारभार दुसऱ्याकडे सोपवण्याच्या कागदावर लुईंची सही घ्यायला अधिकारी आले, तेव्हा ते पूर्ण शुद्धीवर होते. मुलांचा आपल्यावर विश्वास उरला नाही म्हणून ते रडले, असे घरच्या आठवणींत आहे. शुद्ध असलेल्या दिवसांत ते असेही म्हणाले होते की आजवर मान खालवायची वेळच आली नव्हती, ती यायला हवी होती.

सहीचा तो प्रसंग फार ओळखीचा आहे. ज्या घरात बँकेचे खाते, शेताचा सातबारा, फ्लॅटचे कागद वडिलांच्या नावावर असतात आणि वडिलांची बुद्धी कधी असते, कधी नसते, त्या घरातल्या मुलांना तो सांगावा लागत नाही. कायदेशीरदृष्ट्या योग्य, व्यवहाराला आवश्यक, आणि तरी त्या क्षणी ज्याची सही घेतली जाते त्याच्या दृष्टीने तो विश्वासघातच असतो. गेरां मामांनी चूक केली असे नाही. मार्तां मुलींनी हा प्रसंग झाकून ठेवला नाही, हे मोठे.

तेरेझाने आणखी एक गोष्ट नोंदवली आहे. ती सहा-सात वर्षांची असताना वडील गावाला गेले होते, आणि तिने खिडकीतून बागेत एक वाकलेला माणूस पाहिला. चाल-बांधा वडिलांचा, डोक्यावर कापड ओढलेले. तिने हाक मारली, तो माणूस झाडांमागे दिसेनासा झाला. पुढे आजाराच्या सुरुवातीला लुई खरोखरच तोंड झाकून घेत, तेव्हा मुलींना ते आठवले. दृष्टान्त म्हणा, मुलाचा भास म्हणा. मुलगी बापाच्या लाजेकडे किती नीट पाहत होती, एवढे त्यातून नक्की दिसते.

१० मे १८९२ रोजी लुई घरी आले. पाय गेले होते, त्यामुळे आता भटकायची भीती नव्हती आणि म्हणूनच घरी ठेवणे शक्य झाले. दोनच दिवसांनी त्यांना मठाच्या भेटीच्या खोलीत नेले. तिन्ही मुली जाळीपलीकडे. निघताना त्यांनी बोट वर करून स्वर्गात भेटू असे सुचवले. ती शेवटची भेट. पुढची दोन वर्षे मामाच्या घराजवळ घेतलेल्या भाड्याच्या घरात सेलिन, नोकर आणि चाकांची खुर्ची. लिओनी १८९३ साली पुन्हा मठात गेली, मग सेलिन एकटीच. उन्हाळ्यात गेरां कुटुंब त्यांना एव्ह्रूजवळच्या ‘ला म्यूस’ या आपल्या वाड्यावर नेई. तिथेच २९ जुलै १८९४ रोजी लुई वारले, सेलिन उशाशी होती. पुढच्या सप्टेंबरात ती मठात गेली. म्हणजे पाच मुलींपैकी पाचवीला त्यांनी जिवंतपणी ‘दिलेच’ नाही. तिने सहा वर्षे थांबून त्यांना सांभाळले.

संतपदाच्या प्रक्रियेला १९५७ साली सुरुवात झाली, १९९४ साली ‘पूजनीय’, २००८ साली ‘धन्य’, २०१५ साली संत. रोमच्या तपासात लुईंची वेड्यांच्या इस्पितळातली वर्षे लपवता येण्यासारखी नव्हतीच. ती असतानाच संतपद दिले गेले, आणि चर्चच्या बाजूने ही अतिशय मोलाची गोष्ट झाली. बुद्धी गेलेल्या माणसाची भक्ती संपत नाही, त्याचे आधीचे आयुष्य खोटे ठरत नाही, हे शब्दांत सांगण्यापेक्षा अशा माणसाला वेदीवर बसवणे जास्त बोलके आहे.

एक आक्षेप मात्र नोंदवायला हवा. आजाराला कृपा म्हणायची परवानगी तेरेझाला होती, कारण अपमान तिच्या घरचा होता. दुसऱ्याने ते म्हणायचे नसते. स्मृतिभ्रंश झालेल्या वडिलांना सांभाळून दमलेल्या सुनेला ‘हा तुझा क्रूस आहे, तो आनंदाने वाहा’ असे सांगणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की, लुईंना नुसत्या प्रार्थनेवर सांभाळले गेले नव्हते. पैसा होता, भाड्याचे घर होते, पगारी नोकर होते, आणि घरी ठेवणे धोक्याचे होते तेव्हा इस्पितळही होते. इस्पितळात ठेवणे म्हणजे टाकून देणे नव्हे, हेही याच संतांच्या घराने करून दाखवले.

दर वर्षी १२ जुलैला लुई आणि झेली यांचा सण येतो. त्या दिवशी प्रवचन करणाऱ्या धर्मगुरूंनी बागेतल्या पांढऱ्या फुलासोबत कांच्या इस्पितळाबद्दलही बोलावे. आणि ज्यांच्या घरी या वर्षी कुणा वडिलांचे, आजोबांचे स्मरण छापायचे आहे, त्यांनी ‘अल्पशा आजाराने’ एवढ्यावर भागवू नये. आजाराचे नाव लिहावे, किती वर्षे चालला ते लिहावे, आणि रात्रीचे जागरण कुणी केले त्या मुलीचे, सुनेचे, नर्सचे नावही त्यांची हरकत नसेल तर घालावे.